दवाखाना, सल्ला आणि पाळणाघर, सगळं एकाच पत्र्याखाली

किस्से कोणी जमवत नाही. पावसाळ्यात भिंतीला शेवाळ धरतं, तसे ते माणसाला धरतात. एक खरवडून काढावा तर खाली दुसरा. आणि दुसऱ्याच्या खालचा असा निघतो, की ऐकणारा म्हणतो, "कंपाउंडर, आता मात्र फेकताय हं!"

फेकत नाही. कडू पुडी मधातून देण्यात माझी हयात गेली, त्यामुळे सांगताना थोडा मध जास्त पडतो. पण पुडी खरी!

तर गोष्ट आहे सत्तरच्या पुढच्या वर्षांतली. आपला जिल्हा तेव्हा अजून कुलाबा होता. कर्जतहून खोपोलीकडे निघालं की एका कृषी विद्यापीठाचं केंद्र लागायचं. कोणतं ते विचारू नका. तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि सकाळी फिरायला माझ्याच घरावरून जातात. भाताची शेतं, पोरांचं वसतिगृह, साहेबांचे क्वार्टर्स आणि कडेला बियाण्याचं एक जुनं गोदाम, एवढाच पसारा.

एक दिवस मुख्यालयातून हुकूम आला. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी आरोग्यसेवा, मानसिक सल्ला आणि पाळणाघर असं सगळं सुरू करा. हुकूम आला, इमारत आली नाही! मग त्या गोदामातच बांबूच्या तट्ट्या ठोकल्या आणि तीन खोल्या पाडल्या. पहिलीत डॉक्टर करमरकर आणि त्यांचा कंपाउंडर म्हणजे मी. मधल्या खोलीत सल्ला द्यायला पुण्याचे दामले सर. तिसऱ्या खोलीत पाळणाघर, आणि ते सांभाळायला सुमनबाई.

तट्ट्या माणसाच्या उंचीच्या. वर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं. पहिल्या खोलीत कोणी शिंकलं की तिसऱ्या खोलीतलं पोर दचकायचं.

त्या तिसऱ्या खोलीवर पहिल्या दिवसापासून शिर्के साहेबांचा डोळा होता. शिर्के साहेब म्हणजे प्रक्षेत्र अधीक्षक. सरकारी भाषा सोडली तर सगळ्या शेतांचे मालकच! त्यांना तिथं खताची पोती ठेवायची होती. त्यात आमच्या डॉक्टरांनी काय केलं, तर स्टाफच्या पोरांबरोबर लावणीला येणाऱ्या बायकांची पोरंही आत घेतली. एरवी ती भर पावसात बांधावर इरल्याखाली पडलेली असायची.

"पाळणाघर स्टाफसाठी आहे," शिर्के साहेब येता-जाता सुनवायचे. "मजुरांची पोरं काढा. नाहीतर मी काढून दाखवतो!"

ती निघाली असती तर सगळ्यात आधी बुडाली असती यमुना. बौद्धवाडीतली. नवरा गेलेला, घरात म्हातारं माणूस नाही, आणि अंगावर पिणारी पोर. पोर ठेवायला जागा नाही तर लावणी नाही. लावणी नाही तर चूल नाही. इतकं सरळ होतं ते.

* * *

उद्घाटनाला मुख्यालयातून एक बडे साहेब आले. सुमनबाईंनी पोरांची तोंडं धुतली, केस विंचरले, सगळ्यांना ओळीत उभं केलं. शिर्के साहेब पाहुण्यांच्या मागे, हाताची घडी घालून.

आता झालं होतं असं, की दवाखाना आठवडाभर आधीच सुरू झाला होता. आठवडाभर तट्टीवरून डॉक्टरांचा आवाज पोरांच्या कानावर पडत होता. "जीभ दाखवा. आ करा. अजून मोठा!" पोरांना वाटलं, ही इथली शिस्त आहे. मोठं माणूस समोर आलं की असंच करायचं.

बडे साहेब वाकले. प्रेमानं म्हणाले, "काय बाळांनो, कसे आहात?"

सगळ्यांनी एकदम जिभा बाहेर काढल्या. "आऽऽऽऽ!"

साहेब सटपटून एक पाऊल मागे! चेहरा लालबुंद!

शिर्के साहेबांना तेवढंच हवं होतं. "बघितलंत ना सर? ही मजुरांची पोरं! हे संस्कार!"

"साहेब," सुमनबाई हळूच म्हणाल्या, "पुढं हाय ना, सगळ्यात लांब जिभेचा, तो प्राध्यापकांचा हाय."

 तेवढ्यात तट्टीपलीकडून डॉक्टर आपल्या पेशंटला मोठ्यानं म्हणाले, "छान! आता पँट सैल करा आणि पालथे झोपा!"

* * *

दामले सरांकडे मात्र कोणी फिरकत नव्हतं. माणूस सोन्यासारखा. पण त्या दारातून आत गेला तो येडा, असं पंचक्रोशीत ठरून गेलं होतं. पोरं त्यांच्या दारासमोरून जाताना चालायचा वेग वाढवायची. सर बिचारे टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून असायचे, जेवणाचं पान मांडून कोणाची तरी वाट बघावी तसे.

आणि एक दिवस पहिला पेशंट आला! धोंडूकाका. शेतावरच्या बैलांचा गडी.

"सर, आमच्या मोऱ्याला काय तरी झालंय. खात नाय, पीत नाय, तोंड फिरवून बसतंय. डॉक्टरनं बघितलं, म्हनला आजार नाय. म्हनला, हे मनाचं हाय. म्हनून तुमच्याकं आलो."

सर सरसावून बसले. "वय काय मोऱ्याचं?"

"असंल सात."

"शाळेत जातो?"

"बैल हाय ओ सर!"

दवाखान्याच्या रांगेत अशी खसखस पिकली, की एक बाई पोट धरून बाकावरून खाली! मला वाटलं, सर आता धोंडूकाकाला हाकलणार. सरांनी चपला चढवल्या. म्हणाले, "चला."

गोठ्यात जाऊन सर मोऱ्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ. मग विचारलं, "कधीपासून?"

"जोडीचा चांद्या मेला तवापासून. रातीत गेला, सकाळी आमी पुरला."

"मोऱ्याला दाखवला?"

"बैलाला काय दाखवायचं?"

"मग त्याला कसं कळणार तो कुठे गेला ते? त्याला वाटतंय, तो अजून येईल."

सरांच्या सांगण्यावरून मोऱ्याला चांद्या पुरला होता तिथं नेला. त्यानं माती हुंगली. एकदा असा हंबरला, की वसतिगृहाच्या खिडक्यांत पोरं उभी राहिली. मग आपण होऊन वळला, गोठ्यात आला आणि गव्हाणीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायला गेलो तर काय! दामले सरांच्या दारात ही रांग! पार चिंचेपर्यंत! शेवटाला उभ्या असलेल्या म्हातारीला मी विचारलं, "आजी, तुम्ही पण?"

"बैलाला गुण आला," आजी म्हणाली. "आमी तर मानसं हाव!"

आमचे डॉक्टर रिकाम्या दवाखान्याच्या दारात उभे राहून ती रांग बघत होते. बघता बघता खाली उतरले आणि मुकाट्यानं आजीच्या मागे जाऊन उभे राहिले.

* * *

रांग लागली तशी तट्टीची खरी गंमत कळली. सरांच्या खोलीत जे बोललं जाई, ते पूर्ण गोपनीय. म्हणजे फक्त सर, पेशंट, दवाखान्याची रांग आणि पाळणाघर एवढ्यांनाच कळायचं!

खालापूरच्या बड्या शेतकऱ्याचा पोरगा शेवटच्या वर्षाला होता. हुशार, पण त्या सहामाहीला पार आपटलेला. आला सरांकडे. आवाज खाली घालून म्हणाला, "सर, अभ्यासात लक्ष लागत नाही."

"का बरं?"

"एक मुलगी आहे..."

बास! दवाखान्यात खोकणारी माणसं खोकायची थांबली. मी बाटलीत औषध ओतत होतो, तो हात तसाच.

"कुठली रं?" रांगेतून एका म्हाताऱ्याचा आवाज. "कोंडाण्याची काय?"

"अहो, हे खासगी आहे!" दामले सर तट्टीवर थाप मारून ओरडले.

"असू द्या की खासगी. आमी कुठं कोनाला सांगतोय? आमी हितंच हाव!"

पोरगा घामाघूम. पण एकदा तोंड उघडलं की बंद होत नाही, तशातली गत. म्हणाला, "रोज दुपारी डबा घेऊन येते, सर. दोन वेण्या. पाळणाघराच्या दाराशी उभी राहते. मी तिच्याशी अजून एक शब्दही बोललेलो नाही."

 दुपारी डबा घेऊन कोण येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो खालापूरच्या घराण्यातला. आणि ती सुमनबाईंची पोरगी! छप्पन साली सुमनबाईंच्या घरानं धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्या घरी पोरीबाळी शिकल्या, पण गावानं आपली पाणवठ्याची वाट काही बदलली नव्हती. आता इथं काय होतंय? 

तट्टीवरच्या मोकळ्या जागेतून सुमनबाईंचा आवाज आला. शांत, पाळणा हलवता हलवता.

"आधी पास हो. नापास पोराला मी पोरगी दाखवत बी नाय."

दामले सर कपाळाला हात लावून बसले. रांगेत कुजबुज सुरू झाली. म्हातारा म्हणाला, "बाईचं बराबर हाय." दुसरा म्हणाला, "पोरगं बी वाईट नाय." कोणीतरी तिथंच बैठक जमवायच्या बेतात होतं!

तेवढ्यात पाळणाघराच्या दारात डब्याची कडी वाजली. पोरगी केव्हापासून उभी होती देव जाणे.

"आणि मला कोन इचारनार हाय का?" ती म्हणाली.

 दामले सर घसा साफ करून म्हणाले, "पुढचा पेशंट."

* * *

ती वर्षंच अशी होती, की कुटुंबनियोजनाची जीप दिसली की बापे डोंगर चढायचे. दोनाच्या वर पोरं असली की धरतात, अशी आवई. खरं किती, खोटं किती, कोणी विचारत बसत नव्हतं. आमचे डॉक्टर कोणाला हात लावणारे नव्हते, पण तालुक्याचे साहेब तपासणीला येणार हे पक्कं झालं.

आता चार-चार पोरांच्या बापांनी काय करावं? एकेकानं एक-दोन पोरं घरी ठेवली आणि उरलेली सकाळीच सुमनबाईंकडे आणून सोडली! खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पाळण्यात दोन, पाळण्याखाली तीन. सुमनबाई म्हणाल्या, "अरं, हे पाळणाघर हाय का कोंडवाडा?"

"आजच्या दिस, ताई! फकस्त आजच्या दिस!"

पोरांना सक्त ताकीद. बापाचं नाव विचारलं तर सांगायचं नाही.

तालुक्याचे साहेब आले. दवाखाना बघितला, सरांची खोली बघितली, पाळणाघराच्या दारात येऊन थबकले. "एवढी मुलं? एवढा स्टाफ आहे इथे?"

डॉक्टर छताकडे बघायला लागले.

साहेबांनी एका पोराला जवळ घेतलं. "बाळ, तुझ्या बाबांचं नाव काय?"

"ठावं नाय."

"आणि तुझ्या?"

"ठावं नाय."

तिसरा, चौथा, पाचवा. कोणालाच ठावं नाय! साहेबांच्या कपाळावर आठ्या. तेव्हा मागून एक चिमुरडी उठली. नाव ठमी. घरी पाठ करून घेतलेलं बहुतेक अर्धंच लक्षात राहिलं होतं. हात बाजूला घट्ट धरून, शाळेत कविता म्हणावी तशी खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"आमी कोनीच आमच्या बापाचं नाय!"

साहेब जागच्या जागी थिजले! डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. सुमनबाईंनी तर तोंडात पदर कोंबला.

आणि मागच्या कुडाच्या भिंतीपलीकडून, बाहेर लपलेल्या कोण्या बाप्याचा आवाज फुटला, "गप गं ठमे! एवढं नव्हतं सांगितलं!"

साहेब धावत बाहेर गेले. कुडामागे एक चप्पल होती, नुसती!

* * *

आता लाल निशाणाचं सांगतो. इथूनच सगळं पेटलं.

लावणीच्या दिवसांत शेतं लांब आणि पावसाचा आवाज मोठा. पोर रडलं तरी आईला ऐकू जाणं शक्य नाही. मग सुमनबाईंनी एक युक्ती काढली. प्रत्येक आईकडून तिच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी मागून घेतली. ज्या पोराला भूक लागेल, त्याच्या आईची पट्टी बांबूला बांधायची आणि बांबू छपराच्या वर उभा करायचा. हिरवी दिसली की हौसा चिखलातून वर यायची, पिवळी दिसली की चंद्रा. यमुनेची पट्टी लालभडक. आणि तिची रखमा अशी भुकेली, की लाल पट्टी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा वर!

हे शेतातल्या बायकांना माहीत, आम्हाला माहीत. शिर्के साहेबांना कोणी सांगायला गेलं नाही, कारण त्यांना काही सांगायला कोणी जातच नसे.

त्याच सुमारास साजगावच्या बाजूला कुठल्याशा कारखान्यात संप चालू होता. रोज रस्त्यानं लाल झेंडे जायचे. शिर्के साहेबांची झोप उडालेली. त्यांना स्वप्नातही भाताची आवणं मोकळी आणि मजूर घोषणा देताना दिसायचे.

एका दुपारी ते ऑफिसच्या व्हरांड्यात आले आणि बघतात तर काय, सरकारी इमारतीवर लाल निशाण! शेतात यमुना ताठ उभी राहिली, हातातली रोपं टाकली आणि तरातरा चालायला लागली. तिच्या मागे चंद्रा. तिच्या मागे हौसा. त्यांची जेवणाची वेळ झाली होती एवढंच! पण साहेब आत पळाले, आतून कडी घातली आणि पोलिसांना फोन लावला. "संप झालाय! इमारत ताब्यात घेतली आहे!"

संपाच्या बंदोबस्ताची जीप जवळच फिरत होती, ती लगेच आली. फौजदार, चार शिपाई, काठ्या. चिखल उडवत थेट पाळणाघरात. शिर्के साहेब त्यांच्या मागे, फौजदाराच्या आडोशानं.

"कोण आहे इथे पुढारी?" फौजदार गरजले.

शिपायांच्या बुटांनी आधीच पोरं बिथरली होती. आतमध्ये एकच आकांत! यमुना अजून पायाचा चिखल धूत होती आणि रखमानं पाळणा डोक्यावर घेतला होता.

सुमनबाईंनी शांतपणे पाळण्याकडे बोट केलं. "ही काय पुढारी. मागनी एकच हाय, आत्ताच्या आत्ता पायजे!"

फौजदारांनी रखमाकडे बघितलं. बाहेर जाऊन वर बांबूकडे बघितलं. बांधावरून येणाऱ्या बायकांकडे बघितलं. त्यांना सगळा उलगडा झाला. ते शिर्के साहेबांकडे वळले आणि एकदम हवालदिल आवाजात म्हणाले,

"साहेब, मागणी मान्य करा. आमच्याही घरी असाच एक पुढारी आहे. तीन रात्री झोप नाही!"

* * *

हसू तालुकाभर पसरलं. कर्जतच्या बाजारात भाजीवाल्या बायका शिर्के साहेबांना विचारायच्या, "साहेब, संप मिटला का?" माणूस खाली मान घालून जायचा, पण आतून धुमसत होता. त्यानं मुख्यालयाला कळवलं. मजुरांची पोरं रोगट असतात, स्टाफच्या मुलांना धोका आहे, पाहणी करा. समिती येईपर्यंत स्टाफच्या पोरांना पाण्याचा माठही वेगळा ठेवायला लावला. आता गंमत राहिली नव्हती. यमुना रोज जाताना सुमनबाईंना विचारायची, "ताई, उंद्या आनू ना रखमीला?" आणि सुमनबाई रोज म्हणायच्या, "आन. उंद्याचं उंद्या बघू."

त्याच पावसात शिर्केबाईंना टायफॉइड झाला. पदरात सात महिन्यांचा मुलगा. डॉक्टरांनी अंगावर पाजायचं बंद केलं आणि बाळ दिवसभर पाळणाघरात येऊ लागलं. बाळासाठी साहेबांनी मुंबईहून दुधाच्या पावडरीचे परदेशी डबे मागवले. पहिल्या दिवशी मी बाटली तयार करून दिली, ती त्या पठ्ठ्यानं सरळ माझ्या अंगावर थुंकली! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून सुमनबाई म्हणाल्या, "तुमी जावा, कंपाउंडर. तुमाला औषधं नायत का वाटायची?"

मी गेलो. मी काही बघितलं नाही, मला काही ठाऊक नाही. माझी तिकडे पाठ होती.

पण बाळानं बाळसं धरलं की हो! महिन्याभरात गुबगुबीत, मनगटाला वळ्या पडल्या. डबेही भराभर संपत होते. तेवढं मात्र मी पाहिलं, की मजुरांची मोठी पोरं दुपारी ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन हिंडायची. शिर्केबाई अंथरुणातून निरोप पाठवायच्या, "पितो ना तो?" सुमनबाई सांगायच्या, "पोटभर!" आणि शिर्के साहेब बाळाला उचलून ऑफिसभर फिरवायचे. "बघा! परदेशी डबा! याला म्हणतात आहार!"

समिती आली. दोन पुरुष आणि अध्यक्ष एक बाई, पांढरं पातळ, जाड चष्मा, बोलणं मोजून. त्या आत आल्या, सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "शिर्के, तक्रार तुमची आहे. स्टाफची मुलं एका बाजूला करा आणि मजुरांची एका बाजूला. म्हणजे आम्हाला फरक दिसेल."

शिर्के साहेबांनी बाह्या सरसावल्या. पोरं काही हलेनात, तर एकेकाला काखेत धरून उचललं. हा इकडे, ती तिकडे. रडारड सुरू. ठमी तर त्यांच्या मनगटाला चावली! शेवटी मधोमध वीतभर मोकळी जमीन राहिली. खिडकीकडे स्टाफची, चटईवर, आणि त्यांच्या पुढ्यात साहेबांचा गुटगुटीत चिरंजीव. दाराकडे मजुरांची, ओल्या जमिनीवर, आणि त्यांच्यात रखमा. दारात सुमनबाई. त्यांच्या हाताची मूठ मी एवढी आवळलेली कधी पाहिली नव्हती.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं, मॅडम. हा फरक. आता तुम्हीच सांगा, ही त्यांच्यात ठेवायची का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नियम बघता, दाराकडची मुलं उद्यापासून..."

तेवढ्यात बाहेर पायाचा चिखल झटकल्याचा आवाज झाला आणि यमुना आत आली. दुपारच्या सुट्टीची वेळ. डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. खोलीत कोण उभं आहे, समिती का काय, तिचं लक्षच नव्हतं. तिनं इरलं भिंतीला टेकवलं, हात धुतले, पदराला पुसले. दाराशी रखमानं आईला बघून हात वर केले. यमुना रखमाला ओलांडून पुढं गेली. ती मोकळी वीतभर जमीन ओलांडली. खाली वाकली, शिर्के साहेबांचा मुलगा उचलला, तिथंच चटईवर मांडी घालून बसली आणि त्याला पदराखाली घेतलं.

पठ्ठा ना चुळबुळला, ना रडला. पदराबाहेर नुसती ती वळ्या पडलेली पावलं. एकदम स्वस्थ!



"अगं ए!" शिर्के साहेबांचा आवाज चिरकला. "अगं, तो माझा आहे! तुझी ती तिकडे!"

यमुनेनं मान वर केली. तिला खरंच कळेना, साहेब एवढे का ओरडतायत.

"ठावं हाय की साहेब," ती म्हणाली. "माझी आता जरा दम धरती. ह्यो नाय धरत. बापावर गेलाय!"

दाराशी रखमानं आता सूर लावला. तिच्या जवळ शिर्के साहेबच उभे होते.  आणि काय झालं कोणास ठाऊक, ते खाली वाकले आणि त्यांनी तिला उचललं. भाताचं पोतं उचलावं तसं, दोन्ही हातांत, अंगापासून लांब. रखमा आणखीच किंचाळली. त्यांनी ती जवळ घेतली. मग खांद्यावर घेतली. मग, आम्ही सगळे डोळे फाडून बघत असताना, ते तिला थोपटत खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले.

समितीच्या बाई उठल्या. आणि बाहेर पडल्या. मी त्यांच्यावर छत्री धरून जीपपर्यंत गेलो. समितीतल्या पुरुषांपैकी एक जण ड्रायव्हरला म्हणाले, "अरे, शिर्के साहेबांना हाक मार, तक्रारीवर त्यांची सही राहिली."

"राहू दे," बाई जीपमध्ये बसत म्हणाल्या. "त्यांना बोलावू नका. ते पाळणाघरात कामाला आहेत."